वहीतून मंचापर्यंत : प्रस्तावना

या पुस्तकात ज्यांच्या रचनांची ओळख करून दिली आहे, त्यांतल्या बऱ्याच जणींना स्वतःचं मोठं काम छापून आलेलं पाहायला मिळालं नाही. पॅरिसच्या लुईझ फारांकने तीन सिंफनी लिहिल्या आणि तिन्ही तिच्या हयातीत वाजल्या, पण ती गेली तेव्हा तिन्ही हस्तलिखितातच होत्या. बर्लिनच्या फॅनी हेन्सेलने साडेचारशेच्या वर रचना केल्या आणि स्वतःच्या नावाने पहिलं पुस्तक छापलं ते १८४६ साली, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. शिकागोच्या फ्लॉरेन्स प्राइसच्या हस्तलिखितांचे गठ्ठे २००९ साली इलिनॉय राज्यातल्या एका ओसाड घरात सापडले. तिला जाऊन तेव्हा छपन्न वर्षं झाली होती. युरोप-अमेरिकेतल्या स्त्री रचनाकारांविषयी बोलायला बसलं की लोक प्रतिभेपासून सुरुवात करतात. मला कागदापासून करावीशी वाटते.

आपल्या कानांना ही अडचण चटकन जाणवत नाही. हिंदुस्थानी संगीतात बंदिश गळ्यातून गळ्यात जाते आणि गायिका मैफलीला बसली की रागाची मांडणी ती तिथेच, त्याच बैठकीत करते. केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांचा उल्लेख कुणी रचनाकार म्हणून करत नाही, तरी त्यांनी जे घडवलं ते समोर बसलेल्यांपर्यंत पोचत होतं. पुढे प्रभा अत्रे यांनी स्वतः बंदिशी बांधल्या आणि त्या पुस्तकांतून छापल्याही. बंदिशी बांधणाऱ्या स्त्रियांची नावं आपल्याकडेही फार थोडी घेतली जातात. तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे आणि ते पुस्तक कुणीतरी लिहायलाच हवं.

युरोपीय अभिजात संगीताचा व्यवहार निराळा. तिथे रचनाकार टेबलाशी बसून प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर लिहून काढतो. त्यावरून प्रत्येक वादकासाठी वेगळी प्रत उतरवावी लागते, वाद्यवृंदाला तालमीसाठी पैसे आणि वेळ द्यावा लागतो, संचालक मिळावा लागतो आणि एकदा वाजलेलं दुसऱ्या गावी वाजायचं तर प्रकाशकाने छापावं लागतं. एकोणिसाव्या शतकात यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय पुरुषांच्या हाती होता. पॅरिसच्या कॉन्झर्व्हातुआरमध्ये मुली पियानो शिकू शकत होत्या, पण फारांकच्या तरुणपणी रचनेचा वर्ग त्यांच्यासाठी बंद होता. वाद्यवृंदासाठी लिहिणं हे लिहिलेलं ऐकून, पुन्हा दुरुस्त करूनच जमतं. ज्यांना ते ऐकायलाच मिळत नव्हतं, त्यांनी गाणी आणि पियानोच्या छोट्या रचना जास्त लिहिल्या, यात नवल ते काय? घरात पियानो होता, गाणारं कुणी ना कुणी होतं. 'बायकांचा कल मुळातच छोट्या, नाजूक रचनांकडे असतो' हे विधान मी अनेक जुन्या संगीतविषयक पुस्तकांत वाचलं आहे. ते लिहिणाऱ्यांनी घराची आणि सभागृहाची दारं मोजली असती तर बरं झालं असतं.

या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण फॅनी हेन्सेलचं आहे. फॅनी म्हणजे फेलिक्स मेंडेल्सोनची थोरली बहीण. जन्म १८०५ साली हॅम्बर्गला. बालपण आणि पुढचं सगळं आयुष्य बर्लिनला. दोघं भावंडं एकाच गुरूकडे, कार्ल फ्रीडरिश झेल्टरकडे, रचना शिकली. तेराव्या वर्षी तिने बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर'मधले चोवीस प्रिल्यूड वडिलांना पाठ वाजवून दाखवले. १८२० साली त्याच वडिलांनी तिला पत्र लिहून सांगितलं, की संगीत फेलिक्सचा व्यवसाय होईल कदाचित, तिच्यासाठी मात्र ते अलंकारच राहिलं पाहिजे. त्या वेळी ती चौदा-पंधरा वर्षांची होती. वडील दुष्ट नव्हते. मुलीला उत्तम शिक्षण त्यांनीच दिलं होतं. पण बँकरच्या घरातल्या मुलीने छापील पानावर नाव घालून बाजारात यावं, हे त्यांच्या वर्गाला मानवणारं नव्हतं. हा वर्गाचा मुद्दा या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल. पियानोवादक आणि रचनाकार क्लारा शुमान संगीत शिकवून पोट भरणाऱ्याच्या घरात जन्मली, म्हणून तिला वडिलांनीच मंचावर ढकललं. फॅनीला श्रीमंतीने घरात ठेवलं.

तिची सहा गाणी भावाच्या ओपस ८ आणि ओपस ९ या संग्रहांत त्याच्या नावाखाली छापली गेली. १८४२ साली लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाने फेलिक्सला त्याचं म्हणून आवडतं गाणं गाऊन दाखवलं. ते निघालं फॅनीचं, आणि त्याला तसं कबूल करावं लागलं. हा किस्सा सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 'ईस्टर सोनाटा'ची हकिगत. १९७० साली पॅरिसमध्ये या पियानो सोनाटाचं हस्तलिखित मिळालं. त्यावर 'एफ. मेंडेल्सोन' असं होतं, म्हणजे फेलिक्सच, असं धरलं गेलं आणि त्याच्याच नावाने ती ध्वनिमुद्रित झाली. २०१० साली अँजेला मेस ख्रिश्चन या अमेरिकन संशोधक बाईंनी ते हस्तलिखित प्रत्यक्ष पाहिलं. त्यावरचे पृष्ठांक फॅनीच्या १८२८ सालच्या वहीतल्या गहाळ पानांशी तंतोतंत जुळले. अक्षरही फॅनीचं. २०१७ साली लंडनला ती सोनाटा तिच्या नावाने वाजली, तेव्हा ती लिहून एकशे एकोणनव्वद वर्षं झाली होती. एखादी रचना सापडली की ती पुरुषाचीच असणार, हे गृहीत किती खोल बसलेलं असतं ते या एका वहीवरून कळतं.

लग्नानंतर लायप्झिगर श्ट्रासे क्रमांक ३ या घरातल्या बागेकडच्या दिवाणखान्यात फॅनी रविवारच्या मैफली भरवू लागली. कार्यक्रम ती ठरवायची, गायकांची तयारी ती करून घ्यायची, पियानो ती वाजवायची, संचालनही तिचंच. लिस्टसारखे लोक तिथे येऊन बसत. या मैफलींना खाजगी म्हणायचं ते फक्त तिकीट नव्हतं म्हणून. दर्जाने त्या बर्लिनमधल्या चांगल्यात चांगल्या सार्वजनिक कार्यक्रमांच्या तोडीच्या होत्या. तिचा नवरा विल्हेल्म हेन्सेल दरबारी चित्रकार होता आणि तिने छापावं म्हणून तो मागे लागायचा. आईनेही १८३७ साली फेलिक्सला तसं सुचवलं. त्याने उत्तर दिलं, की तिने स्वतः ठरवलं तर मदत करीन, पण मी तिला भरीला घालणार नाही. फेलिक्सचं बहिणीवर अपार प्रेम होतं, तिच्या सल्ल्यावाचून तो आपल्या रचना पुऱ्या झाल्या असं मानत नसे, आणि तरीही हे. या प्रकरणात मी त्याला ना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे, ना त्याची वकिली केली आहे. पत्रं समोर ठेवली आहेत.

इटलीतल्या प्रवासाहून परत आल्यावर १८४१ साली फॅनीने 'दास यार', म्हणजे 'वर्ष', ही बारा महिन्यांची पियानोमाला लिहिली. तिची स्वच्छ प्रत वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर आहे. प्रत्येक महिन्याच्या माथ्यावर कवितेच्या दोन-चार ओळी आणि विल्हेल्मने काढलेलं छोटं चित्र. मार्चमध्ये ईस्टरचं जुनं चर्चगीत येतं, डिसेंबरमध्ये हिमाच्या भुरभुरीसारखे द्रुत सूर आणि त्यातून वर येणारं नाताळचं गीत. सप्टेंबरचं उपशीर्षक आहे 'नदीकाठी'. वर उजव्या हाताचे सूर अखंड वाहत राहतात आणि मूळ सुरावट मधल्या पट्टीत, जवळजवळ अंगठ्यांच्या आधाराने, गायली जाते. वाजवणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे, कारण वरचं पाणी जरा जास्त खळाळलं की गाणं बुडतं. बारा महिन्यांनंतर सरत्या वर्षाचं एक चर्चगीत उपसंहार म्हणून येतं आणि माला संपते. पियानोसाठी महिन्यांची अशी सलग माला चायकोव्स्कीनेही लिहिली, पण १८७५-७६ मध्ये, चौतीस-पस्तीस वर्षांनी. त्याची जगभर वाजते. फॅनीची 'वर्ष' प्रथम छापली गेली ती १९८९ साली.

१८४६ मध्ये तिने अखेर भावाची परवानगी न मागता प्रकाशकांना होकार दिला. फेलिक्सला कळवताना लिहिलं, की चौदाव्या वर्षी वडिलांचं भय वाटायचं तसं चाळिशीत भावांचं वाटतं आहे. त्यानंतरच्या हिवाळ्यात डी मायनरमधली पियानो-व्हायोलिन-चेलोची त्रयी लिहिली. तिची सुरुवात ऐका. पियानो खाली अस्वस्थपणे धावतो आहे आणि त्यावर व्हायोलिन आणि चेलो सप्तकाच्या अंतराने एकच रुंद सुरावट घेऊन येतात. त्या पहिल्या मिनिटात कसलाही अलंकार नाही. १४ मे १८४७ रोजी पुढच्या रविवारच्या मैफलीची तालीम घेताना तिला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच दिवशी ती गेली. तालीम फेलिक्सच्याच रचनेची चालली होती. फेलिक्सने त्या उन्हाळ्यात एफ मायनरमधलं आपलं शेवटचं क्वार्टेट लिहिलं आणि सहा महिन्यांच्या आत तोही गेला.

क्लारा शुमानविषयी मराठीत थोडंफार लिहिलं गेलं आहे, बहुतेक रॉबर्ट शुमानची पत्नी आणि ब्रॅम्सची सखी म्हणून. माझ्या प्रकरणात ब्रॅम्स जवळजवळ नाही. सोळाव्या वर्षी, १८३५ साली, लायप्झिगच्या गेवांडहाउसमध्ये मेंडेल्सोनच्या संचालनाखाली तिने स्वतःचा ए मायनर पियानो कन्चेर्तो वाजवला, हे मला पुरे वाटतं. त्यात वाद्यवृंदाचं लेखन तोकडं आहे, तेही सांगितलं पाहिजे. पण मधल्या भागात ती सगळा वाद्यवृंद गप्प करते आणि पियानोबरोबर फक्त एका चेलोला बोलू देते. हे धाडस मुरलेल्या रचनाकाराचं आहे. १८३९ च्या दैनंदिनीत ती लिहिते, की बाईने रचना करण्याची इच्छा धरू नये, कुणालाच ते जमलेलं नाही, मग मला कसं जमावं? वीस वर्षांच्या मुलीपुढे फारांकची, सतराव्या शतकातल्या व्हेनिसच्या बार्बारा स्ट्रोझ्झीची छापील पानं असती तर ती असं लिहिती का, हा प्रश्न मला सोडत नाही.

लग्नानंतर आठ बाळंतपणं झाली. रॉबर्ट रचना करत असला की घरात पियानो वाजवायचा नाही, कारण भिंती पातळ होत्या. १८५३ साली ड्युसेलडॉर्फला मोठं घर मिळालं, तिला रॉबर्टला त्रास न होता वाजवता येऊ लागलं आणि त्या एका उन्हाळ्यात रॉबर्टच्या सुरावटीवरच्या व्हेरिएशन्स, पियानोचे रोमान्स, व्हायोलिनचे तीन रोमान्स आणि गाण्यांचा संग्रह इतकं सगळं तिच्या हातून उतरलं. पुढच्याच फेब्रुवारीत रॉबर्टने ऱ्हाइनमध्ये उडी घेतली. १८५६ मध्ये तो गेला आणि सात मुलांचा भार घेऊन क्लारा गावोगाव वाजवत फिरली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत तिने जवळजवळ काही लिहिलं नाही. एक घर आणि एक बंद होणारं दार इतक्याने काय घडू शकतं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

लुईझ फारांकला मात्र थोडं अधिक मिळालं आणि मिळालेल्याचं तिने सोनं केलं. १८०४ चा जन्म, राजाश्रयाखालच्या शिल्पकारांचं घराणं, रचनेचं शिक्षण आंतोन राइखाकडे खाजगीत. नवरा बासरीवादक आणि संगीत-प्रकाशक, म्हणून सुरुवातीच्या पियानोरचना छापल्या गेल्या. १८४२ पासून तीसेक वर्षं ती कॉन्झर्व्हातुआरमध्ये पियानोची प्राध्यापक होती आणि पहिली काही वर्षं तिचा पगार बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांपेक्षा कमी होता. १८५० मध्ये तिचं 'नोनेट' वाजलं. चार तंतुवाद्यं आणि पाच फुंकवाद्यं, एकूण नऊ वादक, आणि त्यांत व्हायोलिनवर कोवळ्या वयाचा जोझेफ योआखिम. या रचनेत कुणी साथीदार नाही. दुसऱ्या भागातल्या व्हेरिएशन्समध्ये एकेका वाद्याला आपली जागा मिळते आणि बासूनसारखं एरवी मागे राहणारं वाद्यही पुढे येऊन बोलतं. कार्यक्रम गाजला. त्याच वर्षी फारांकने संचालकांना पत्र लिहून समान पगार मागितला आणि तो तिला मिळाला.

तिची जी मायनरमधली तिसरी सिंफनी १८४९ मध्ये पॅरिसच्या सर्वांत प्रतिष्ठेच्या वाद्यवृंदाने वाजवली. माझ्या मते त्या काळात फ्रान्समध्ये लिहिलेल्या चांगल्यात चांगल्या सिंफनींत तिची गणना व्हावी. ती का हरवली, याला फक्त स्त्रीत्व हे कारण नाही. त्या पॅरिसमध्ये नाव ऑपेराने व्हायचं, आणि सिंफनी म्हणजे बेथोवन असं समीकरण होतं. जिवंत फ्रेंच पुरुषांच्याही सिंफनी तिथे मागे पडल्या. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या छापलेल्या तरी होत्या.

फारांकच्या दोनशे वर्षं आधी इटलीत चित्र वेगळं होतं, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. फ्रान्चेस्का काच्चिनी फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात पगारी संगीतकार होती. १६२५ साली तिथे झालेला तिचा ऑपेरा हा स्त्रीने रचलेला आज उपलब्ध असलेला पहिला ऑपेरा. व्हेनिसच्या बार्बारा स्ट्रोझ्झीने १६४४ ते १६६४ या वीस वर्षांत स्वतःच्या रचनांची आठ पुस्तकं छापली. तिच्या काळातल्या फार थोड्या पुरुषांनी इतकं छापलं. म्हणजे काळ पुढे गेला की बायकांची वाट आपोआप रुंद होत गेली, असा हिशेब इथे लागत नाही.

विसाव्या शतकातल्या प्रकरणांत लिली बूलांझेवर मी मनापासून रेंगाळलो आहे. दोन वर्षांची असताना झालेल्या न्यूमोनियाने तिची प्रकृती कायमची खालावली. १९१३ साली, एकोणिसाव्या वर्षी, फ्रान्सचं 'प्री द रोम' हे रचनेचं पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. महायुद्धाच्या वर्षांत तिने 'जुनी बौद्ध प्रार्थना' ही टेनर, समूहगान आणि वाद्यवृंदासाठीची रचना केली. शब्द पाली मैत्रीभावनेच्या फ्रेंच भाषांतराचे आहेत: सर्व दिशांचे सर्व जीव वैरमुक्त होवोत, या आशयाचे. महाराष्ट्रात ही प्रार्थना विहाराविहारांतून म्हटली जाते, त्यामुळे आपल्याला हा आशय परका नाही. समूहाचे आवाज अगदी जवळजवळच्या सुरांत हलतात आणि मध्येच बासरी एकटी निघते. युरोपची तरुण पोरं खंदकांत मरत असताना मृत्यूच्या छायेतल्या मुलीने निवडलेले ते शब्द आहेत. १५ मार्च १९१८ रोजी ती गेली, वय चोवीस. ती रचना पहिल्यांदा वाजली १९२१ मध्ये.

एथेल स्माइथ, रेबेका क्लार्क, एमी बीच आणि फ्लॉरेन्स प्राइस यांची प्रकरणं त्यामानाने आटोपशीर आहेत. स्माइथचा 'देर वाल्ड' हा ऑपेरा १९०३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये झाला. त्याच मंचावर दुसऱ्या स्त्रीचा ऑपेरा यायला २०१६ साल उजाडलं, तो फिनलंडच्या काइया सारिआहोचा. १९१९ मध्ये क्लार्कची व्हिओला सोनाटा स्पर्धेत एर्नेस्ट ब्लॉखच्या रचनेच्या बरोबरीने आली, तेव्हा 'रेबेका क्लार्क' हे ब्लॉखचंच टोपणनाव असावं अशी वदंता उठली. प्राइसची पहिली सिंफनी १९३३ साली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवली. एखाद्या मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिली वेळ. त्यानंतर दुसऱ्या बड्या संचालकांना ती पत्रं लिहीत राहिली. स्त्री असणं आणि कृष्णवर्णीय असणं या आपल्या दोन अडचणी आहेत, असं तिने १९४३ साली बॉस्टनच्या कुसेवित्स्कींना सरळ लिहून टाकलं होतं.

या सगळ्या रचना थोर आहेत असा दावा मी केलेला नाही. काही सुरुवातीच्या, काही घाईतल्या, काही त्या काळच्या दिवाणखान्यातच शोभणाऱ्या आहेत आणि तसं त्या त्या ठिकाणी म्हटलं आहे. सवलतीचे गुण देणं हाही अपमानाचाच एक प्रकार आहे. दुय्यम पुरुष रचनाकारांच्या सामान्य कृती दोनशे वर्षं छापल्या, वाजवल्या, शिकवल्या गेल्या. या बायकांच्या उत्तम कृतींना निदान तेवढा कान मिळावा, इतकीच मागणी आहे.

वाचकांना एक विनंती. प्रकरण वाचण्याआधी त्यातली एक तरी रचना ऐका, चरित्र नंतर वाचा. चरित्र आधी वाचलं की आपण दुःख ऐकायला लागतो आणि सूर निसटतात. आज या बहुतेक रचनांची चांगली ध्वनिमुद्रणं घरबसल्या मिळतात. सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर फॅनीच्या त्रयीचा पहिला भाग आणि फारांकच्या नोनेटमधला दुसरा भाग, हे माझं उत्तर आहे.

दुसरी विनंती शिक्षकांना. मुंबई, पुणे, पणजी, मडगाव इथे आज कितीतरी मुलं-मुली पियानो आणि व्हायोलिन शिकतात, परीक्षांना बसतात, वर्षाअखेरीस पालकांसमोर वाजवतात. त्या कार्यक्रमपत्रिकेत चायकोव्स्कीचा एखादा महिना असतो. यंदा त्याच्या शेजारी फॅनी हेन्सेलचा 'सप्टेंबर' ठेवावा आणि तिचं पूर्ण नाव छापावं.